घडीघरातली भिंगरी

आमच्या धाकट्या जावेला लाँड्रीत सगळ्याजणी भिंगरी म्हणत. घरात आम्ही तिला धाकटीच म्हणतो, पण जिने कुणी ते नाव ठेवलं तिने नीट बघून ठेवलं. ही बाई स्वस्थ बसलेली मी एकदाच पाहिली, तिच्या लग्नात, आणि तेव्हासुद्धा साडीच्या काठाखाली तिच्या पायाची बोटं वळवळत होती. जेवायला बसली की अर्ध्या घासावर उठून मीठ आणायची. मीठ समोर असलं तर पाणी आणायची. माझे दीर म्हणायचे, "वहिनी, हिला एकदा खुर्चीला बांधून बघू या का, काय होतं ते?" मी म्हणायचे, "काय व्हायचंय भावोजी, खुर्ची चालायला लागेल."

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला होतो. लाँड्री म्हणजे गल्लीतलं इस्त्रीचं दुकान नव्हे, चांगली दुमजली इमारत. शहरातली हॉटेलं आणि इस्पितळं आपल्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे तिथे पाठवायची. खालच्या मजल्यावर यंत्रं घरघरायची, वाफेने भिंती घामेजलेल्या असायच्या. वर घडीघर. लांबलचक खोली, एका बाजूला खिडक्या, मधोमध टेबलं, आणि दिवसभर चादरींची फडफड. मी तिथेच एका कोपऱ्यात शिवणयंत्रावर बसायचे. फाटलेलं शिवायचं, निघालेल्या नाड्या लावायच्या. शिवणाऱ्या बाईकडे कुणाचं लक्ष नसतं, पण तिचं सगळीकडे असतं.

आता चादरीची घडी कशी घालतात हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. मोठी चादर एकटीने घडी होत नाही. म्हणजे होते, पण तिला घडी म्हणायचं नाही, बोळा म्हणायचं. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, लांबीत दुमडायची. मग एकीने चालत दुसरीकडे जायचं आणि आपल्या हातातली टोकं तिच्या हातात द्यायची. दिली की वाकून खालची दुमड उचलायची. झाली घडी. यात बोलणं काही नसतं. पण आमच्या घडीघरात एक रीत होती, कुणी शिकवली नव्हती आणि सगळ्यांना ठाऊक होती. टोक समोरचीने द्यायचं असतं. आपण होऊन तिच्या हातातून घ्यायचं नसतं. ती सावकाश येत असली तर थांबायचं, तिची दुमड तिरकी झाली असली तर ती नीट करेपर्यंत थांबायचं. कुणी टोक ओढून घेतलं, तर त्याचा अर्थ 'तुला येत नाही, सर बाजूला' असा व्हायचा. नव्या मुलींनी चुकून ओढलं तर म्हाताऱ्या नुसत्या बघायच्या. तेवढं पुरायचं.

धाकटीची जोडी होती लंबूशी. लंबू ही ताडमाड बाई, दारातून येताना सवयीने मान वाकवायची, दार कितीही उंच असो. आमची धाकटी तिच्या कोपरापर्यंत. खरं तर अशी जोडी लावतच नाहीत, चादर तिरपी होते. पण लंबू गुडघ्यात जराशी वाकून उभी राहायची आणि धाकटी टाचा उचलायची, आणि मध्ये कुठेतरी त्यांची चादर सरळ यायची. कित्येक वर्षं दोघी तशाच, एक वाकलेली आणि एक ताणलेली. त्यांच्याइतक्या पटापट घड्या कुणाच्या होत नसत. शिवाय तोंडं चालू असायची. लंबूच्या सुनेपासून खालच्या मजल्यावरच्या बॉयलरवाल्याच्या नव्या मिशांपर्यंत सगळे विषय त्या चादरीवरून इकडून तिकडे जायचे.

मग धाकटीचे पाय बिघडले. पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून दोऱ्यासारख्या दिसायला लागल्या, संध्याकाळी पाय जड व्हायचे. डॉक्टरांनी पट्ट्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "दिवसभर उभं राहायचं काम सोडा. बसून काही असेल तर करा, नाहीतर घरी राहा."

घरी! ती घरी राहिली असती तर आठवड्याच्या आत तिने भिंती सोलून धुवून वाळत घातल्या असत्या. आणि मस्करी सोडा, त्या कामावर तिचा जीव होता. सकाळी आम्ही दोघी निघालो की फाटकापाशी पोचेपर्यंत तिची चाल बदलायची. घरी ती कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई. तिथे ती भिंगरी होती, आणि तिच्या घडीकडे बोट दाखवून नव्या मुलींना शिकवत असत.

योग असा की त्याच सुमाराला घडीघराच्या मुकादम, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो, त्या काम सोडून मुलाकडे राहायला गेल्या. मुकादमाचं काम बसून असतं. टेबलांच्या टोकाला एक उंच स्टूल, त्यावर बसून लक्ष ठेवायचं, कोण कुणाबरोबर, कुठला गठ्ठा आधी, गाडी कधी. लाँड्री बघणाऱ्या मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या, पण डोकं थंड. त्यांनी धाकटीला बोलावलं. "थंडी संपेपर्यंत तुम्ही सांभाळून बघा," म्हणाल्या. "जमलं तर ती जागा तुमची. नाही जमलं तर मला बाहेरून कुणी आणावं लागेल, आणि बसून करायचं दुसरं काम इथे नाही, हे तुम्हाला माहीतच आहे."

धाकटी जिना उतरताना मला म्हणाली, "जाऊबाई, एवढं काय अवघड आहे? मला येतं की सगळं."

तिथेच तर गोची होती. तिला सगळं येत होतं.

पहिल्या दिवशी ती स्टुलावर बसली, चहाचा कप टेकवावा तशी. टेकवला आणि उचलला. नणंद-भावजयीच्या टेबलापाशी गेली. या दोघी खरोखरच नणंद आणि भावजय, घरी एका स्वयंपाकघरात आणि इथे एका चादरीवर, आणि दोन्हीकडे भांडण तेच, फक्त जागा बदलायची. भावजय जरा सावकाश. ती टोक घेऊन चालत निघाली होती, तेवढ्यात धाकटीने मधूनच येऊन ते तिच्या हातातून घेतलं, फटकन नणंदेच्या हातात दिलं, खालची दुमड उचलली, घडी करून गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. तिने काही वाईट हेतूने केलं नव्हतं. हात शिवशिवत होते, दुसरं काही नाही. पण भावजय तशीच उभी राहिली, रिकामे हात पुढे धरून.

दुपारपर्यंत असं प्रत्येक टेबलावर झालं.

लंबूला आता नवी जोडीदार मिळाली होती, लग्न होऊन नुकतीच आलेली एक लाजरी मुलगी. लंबू तिला सावकाश शिकवत होती, तिच्यासाठी थांबत होती. धाकटी तिथे आली. बघत उभी राहिली. एक क्षण, दोन क्षण. आणि तिने लंबूच्या हातातलं टोक घेतलं. नव्या मुलीच्या नव्हे, लंबूच्या.

घडीघरातली फडफड थांबली. माझं यंत्रसुद्धा थांबलं. लंबूने तिच्याकडे वरून खाली एकदा पाहिलं आणि म्हणाली, "घ्या हो मुकादमबाई. तुमचंच आहे."

'घ्या हो' म्हणाली. 'मुकादमबाई' म्हणाली. इतक्या वर्षांत दोघींमध्ये 'अगं-तुगं'शिवाय शब्द गेला नव्हता. धाकटीच्या लक्षातही आलं नाही. तिने घडी केली आणि म्हणाली, "बघ, अशी!" लंबूने त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतं बोलायचं ठरवलं, आणि कामही फार नव्हतं.

पुढचे काही दिवस मजेशीर होते, म्हणजे धाकटीला सोडून. बायकांनी एक युक्ती काढली, आपसात ठरवलीही नसेल. धाकटी टेबलापाशी आली की त्या चादर सोडून द्यायच्या आणि हात बांधून उभ्या राहायच्या. 'करा.' नणंद तर तोंडावर म्हणायची, "या या, तुमचीच वाट बघत होतो." धाकटी एका टेबलाची घडी घालेपर्यंत बाकीच्या टेबलांवर गप्पा रंगायच्या. तिला वाटायचं, बघा, मी नसले तर काही होत नाही. म्हणून ती आणखी पळायची. ती जितकी पळायची तितक्या त्या आरामात. संध्याकाळी गाडीवाला खालून हॉर्न वाजवायचा आणि गठ्ठे निम्मेही तयार नसायचे.

घरी येऊन ती पाय उशीवर ठेवायची, पट्ट्या सोडायची. डॉक्टरांनी बसायला सांगितलं होतं आणि ती आधी कधी चालली नसेल इतकी चालत होती.

"आळशी झाल्यात मेल्या," ती म्हणायची.

"सगळ्याजणी एकदम?" मी विचारलं. "साथ आली का आळसाची?"

"तुम्हाला काय, तुम्ही बसून शिवता."

"तूही बस ना. त्याचेच तर पैसे देतात तुला."

ती चिडली. दिरांनी हळूच विचारलं, "आणि मॅडम काय म्हणतात?" धाकटीने उत्तर दिलं नाही, म्हणजे मॅडम काहीतरी म्हणाल्या होत्या.

मग तिने बक्षीस काढलं. थंडीचे दिवस, आणि खिडकीजवळचं एकच टेबल असं होतं की जिथे सकाळभर ऊन यायचं. बाकीच्या टेबलांवर बोटं गारठायची. तिने जाहीर केलं, आदल्या दिवशी ज्या जोडीच्या घड्या सगळ्यात जास्त आणि सगळ्यात नीट, तिला दुसऱ्या दिवशी उन्हाचं टेबल. कल्पना काही वाईट नव्हती. एक दिवस तर घडीघरात नुसता वारा सुटल्यासारखा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी माझ्या कोपऱ्यात फाटक्या चादरींचा डोंगर उभा राहिला. मला आधी वाटलं, खालच्या यंत्रात काहीतरी अडकलं असेल. एक उलगडली, धडधाकट. दुसरी उलगडली, तीही. नीट बघितल्यावर कळलं. ज्या चादरी फार चुरगळलेल्या, ओल्या राहिलेल्या, घडीला वेळ खाणाऱ्या, त्या सगळ्या 'फाटल्यात' म्हणून माझ्याकडे फेकल्या जात होत्या. चांगल्या सरळ चादरी मात्र ट्रॉली वर आली की पदराआड, टेबलाखाली, जिथे जागा मिळेल तिथे दडत होत्या. नणंदेने तर भावजयीला चादरींच्या गठ्ठ्यावर बसवून ठेवलं होतं, आणि विचारलं तर म्हणाली, "तिला चक्कर येतेय हो." भावजय त्या गठ्ठ्यावर इतकी लालबुंद होऊन बसली होती की चक्कर खरीच वाटावी.

उन्हाचं टेबल शेवटी कुणालाच मिळालं नाही. जिला मिळायचं तिच्याशी बाकीच्या बोलत नसत, तेव्हा तीही नको म्हणाली. ऊन एकटंच पडून राहायचं टेबलावर.

मॅडम वर आल्या. ओरडल्या नाहीत. धाकटीला खिडकीपाशी घेऊन गेल्या, माझ्या यंत्राच्या अगदी जवळ, म्हणून मला ऐकू आलं. ऐकू आलं कसलं, मी पाय थांबवून ऐकलं.

"तुमचा हात मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मी तुमचा हात घेतला नव्हता हो या कामाला. हात माझ्याकडे बरेच आहेत."

"मग काय घेतलंत?" धाकटीने विचारलं. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"ते तुम्ही मला दाखवायचंय. थंडी अजून आहे थोडी." आणि त्या गेल्या.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी घरी निघालो. फाटकापासून घरापर्यंत तिची चाल सकाळी घरातून निघताना असते तशी होती, फाटकातून आत जाताना असते तशी नव्हती. मला तिची काळजी वाटली. ही बाई घरी बसली तर काय करील?

पुढच्याच आठवड्यात नाटकगृहातून एक कापड आलं. रंगमंचाच्या मागे लावतात तो पांढरा पडदा, अख्ख्या भिंतीएवढा. खाली त्याला धुवून वाळवून इस्त्री करता करता पुरुषांच्या नाकी नऊ आले. मग तो ट्रॉलीवर लादून वर आणला आणि सांगितलं, दुपारी माणसं न्यायला येतील, आज संध्याकाळी खेळ आहे, सुरकुती पडता कामा नये आणि जमिनीला टेकता कामा नये. मोठ्या बाईंच्या काळात असा पडदा एकदाच आला होता म्हणे, पण तो त्यांनी कसा घडी केला हे कुणालाच नीट आठवत नव्हतं.

धाकटीने पदर खोचला. तिने एक टोक उचलून पहिल्या टेबलावर ठेवलं. पळत जाऊन दुसरं उचललं, ते दुसऱ्या टेबलावर. पहिलं घसरलं. ते धरायला परत आली, तर दुसरं. नणंद-भावजयीला तिने मधला भाग धरायला लावला, पण सवयीने तिथेही जाऊन त्यांच्या हातातला काठ नीट करायला लागली, तेव्हा त्या दोघींनी, सवयीनेच, हात बांधले. कापड मधोमध झुकलं, जमिनीपासून वीतभर राहिलं. बाकीच्या बायका टेबलांना टेकून उभ्या. कुणी हसत नव्हतं, पण कुणी पुढेही येत नव्हतं. मी यंत्रावरून उठले आणि मधला भाग खालून हातांवर घेतला, तेवढंच मला सुचलं.

ती तिसऱ्या टोकाकडे निघाली आणि मध्येच थांबली. पोटरीत गोळा आला होता. टेबलाला धरून, एक पाय वर घेऊन उभी राहिली, आणि म्हणाली, अगदी हळू, "मला नाही जमत हे."



"काय म्हणालीस?" लंबू पलीकडून म्हणाली. कितीतरी दिवसांनी 'म्हणालीस' म्हणाली.

"म्हटलं, जमत नाही मला. कसं धरायचं ते सांग. तुम्ही सगळ्या सांगा."

"अगं बाई!" लंबू सगळ्यांकडे वळली. "खिडक्या उघडा गं कुणीतरी, हे बाहेर ऐकू गेलं पाहिजे!"

नणंद फिसकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या. धाकटीसुद्धा, एका पायावर. लंबू टेबलामागून बाहेर आली. "तू आधी मधून नीघ. चढ त्या स्टुलावर. इथे बुटक्या माणसाचं काम नाही. आणि चढलीस की आम्हाला वरून सांग, आम्हाला काय दिसतंय डोंबल? नुसतं पांढरं पांढरं."

उंच बायका टोकांना गेल्या, बाकीच्या काठांना. नव्या मुलीने खालून माझ्याजवळ येऊन मधला भाग तोलला. आणि धाकटी स्टुलावर, भिंतीला हात लावून, उभी.

मला वाटतं, तिने घडीघर तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं तिने चादरीच्या पलीकडचा एकच चेहरा पाहिला होता, आणि मुकादम झाल्यापासून नुसते हात. आता तिला सगळ्याजणी एकदम दिसत होत्या, कुणाचा काठ ताणलेला, कुणाचा सैल.

"डावीकडून ढिलं पडतंय," ती म्हणाली. "थांबा, थांबा, ओढू नका. लंबू, तू वाक जराशी. तुझ्या शेजारणीला पुरत नाहीये." मग एकदम तिचा आवाज बदलला. "अगंबाई, भावजय! तू सोडू नकोस हं. ती अख्खी बाजू तुझ्या एकटीच्या हातावर आहे."

भावजयीने वर पाहिलं. सगळ्यांना वाटायचं ती सावकाश आहे. ती सावकाश होती, कारण ती काठ एकदा पकडला की सोडत नसे, आणि त्या पडद्याच्या तिच्या बाजूला एक सुरकुती नव्हती. "नाही सोडत," ती म्हणाली. तिच्या नणंदेने तिच्याकडे असं पाहिलं, जणू स्वयंपाकघरात नवी बाई आली आहे.

"चला आता सगळ्या एकदम. माझ्या बोलण्यावर. चाला… चाला… द्या टोक!"

आणि टोकं दिली गेली. हातातून हातात, कुणी ओढलं नाही. पडदा निम्मा झाला. पुन्हा. पाव झाला. शेवटी तो एका टेबलावर मावला आणि नाटकगृहाची माणसं आली तेव्हा घडीघरातल्या बायका त्याच्याभोवती अशा उभ्या होत्या, जणू बाळ दाखवायला आणलंय.

दुपारी हात धुवायच्या नळापाशी मी लंबू आणि धाकटी दोघींना पाहिलं. लंबू साबण घासत होती.

"माझं टोक घेतलंस तू त्या दिवशी. त्या पोरीसमोर."

"हात आपोआप गेला गं."

"इतकी वर्षं नाही गेला तो."

धाकटीने हात नळाखाली धरले. "इतकी वर्षं मी तुझ्या समोर होते. मला माहीत होतं, तू येणार. त्या दिवशी बाजूला उभी होते. बाजूला उभं राहून बघणं भयंकर असतं, तुला नाही कळायचं. वाटतं, आपलं काही उरलंच नाही तिथे."

लंबूने नळ बंद केला. "मग तसं सांगायचंस. मी समजले, मुकादम झाली आणि डोक्यात हवा गेली."

"डोक्यात काही जायला डोकं जागेवर कुठंय, सगळं पायात उतरलंय," धाकटी म्हणाली आणि लंबूने ओले हात तिच्या पदराला पुसले.

आता कुणाला वाटेल की दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं. छे! दुसऱ्या दिवशी सकाळीच ती स्टुलावरून उतरली आणि नव्या मुलीच्या चादरीकडे हात नेला. लंबूने तिच्या हातावर चापट मारली, "वर!" असं दिवसातून कितीदा तरी. शेवटी मी माझ्याकडच्या अभ्र्यांच्या नाड्या तिच्या मांडीवर टाकल्या. "घे, हाताला चाळा राहू दे." मग ती नाड्या ओवत बसायची आणि डोळे टेबलांवर. कुणाचं अंग दुखतंय, कुणाचं घरी बिनसलंय, कोण कुणाबरोबर आज नको, हे तिला वरून कळायला लागलं. ती विचारायची, "आज इस्पितळाचं आधी काढू की हॉटेलचं? तुम्हाला काय सोपं?" आणि भांडण होईल असं मला वाटायचं, ते व्हायचंही, पण मग ठरायचं. एकदा ठरलं की त्या तिला विचारायलाही थांबत नसत. उन्हाच्या टेबलाचं तर त्यांनीच ठरवलं, जिची बोटं दुखतात ती तिथे. भावजयीला बरेचदा मिळायचं. तिची बोटं खरंच दुखायची, किंवा नणंद तसं सांगायची.

धाकटीला एकच गोष्ट टोचायची, ती मला माहीत होती. लंबू आणि नवी मुलगी यांची जोडी जमली. लंबू आता तिच्यासाठी गुडघ्यात वाकायची. धाकटी नाडी ओवता ओवता तिकडे बघायची, आणि सुई बोटात रुतायची.

थंडी सरत आली. मॅडम कुठल्याही दिवशी येऊन बघणार होत्या. आणि नेमकं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी धाकटीला पायाच्या तपासणीला बोलावलं, सकाळपासून दुपारपर्यंत. तारीख बदलता येईना. ती आदल्या दिवशी घडीघरात सूचना देत फिरली, पोरांना सोडून परगावी निघालेल्या आईसारखी. लंबू म्हणाली, "जा गं बाई. आम्हाला काय चादर म्हणजे काय हे उद्या विसरायला होणार आहे?" धाकटीने तिला फोन हातात ठेवायला बजावलं.

मी त्या दिवशी कामावर होते. काय झालं ते मी सांगितलंही असतं. पण संध्याकाळी तिने मला विचारलंच नाही, आधी दीरच बोलले. ते तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. म्हणाले, "वहिनी, ही तिथे डॉक्टरांकडे बघतच नव्हती. फोन हातात. डॉक्टर विचारतात, पाय कसा आहे, ही म्हणते, एकदासुद्धा वाजला नाही."

"बरे आहेत का पाय?" मी विचारलं.

"बरे आहेत," धाकटी मध्येच म्हणाली. "सूज उतरलीय. पण जाऊबाई, एकीनेही फोन केला नाही! एकीनेही! काहीतरी झालं असणार. इतकं काही झालं असणार की सांगायचं धाडस होत नाही."

मी भाजी चिरत होते. म्हटलं, "काही झालं नाही. गाडी वेळेवर गेली."

"वेळेवर?" तिचा चेहरा पडला. खरं सांगते, पडला. मग तिच्याच लक्षात आलं आपला चेहरा कशाने पडला, आणि ती हसली, आणि पुन्हा जरा पडला. दीर म्हणाले, "हिचं काय करावं?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला खाली बोलावलं. ती वर परत आली ती इतकी सावकाश, की आम्हाला वाटलं, गेलं. बायकांनी चादरी हातातच धरून ठेवल्या.

"मॅडम काल आल्या होत्या," धाकटी म्हणाली.

"आल्या होत्या की," लंबू म्हणाली. "चहा प्यायल्या आमच्याबरोबर."

"मी त्यांना म्हटलं, मी नव्हते हो काल. तर म्हणतात, म्हणूनच काल आले." ती थांबली. तिला अजून नीट उमगलं नसावं. "म्हणाल्या, जागा तुमची."

घडीघरात जो गलका झाला तो खाली यंत्रांपर्यंत गेला असेल. भावजय टाळ्या वाजवत होती आणि नणंद तिला म्हणत होती, चादर पडेल, चादर. धाकटीने लंबूकडे पाहिलं. "एक फोन करायला काय झालं होतं गं तुम्हाला? जीव नुसता टांगणीला होता माझा."

"कशाला करायचा?" लंबू म्हणाली. "एक गोष्ट अडली होती खरी, हॉटेलच्या मोठ्या चादरी. आम्ही म्हटलं, भिंगरी असती तर काय म्हणाली असती? तर ही पोरगी म्हणाली, 'त्या विचारतील, तुम्हाला काय सोपं.' मग आम्हीच ठरवलं."

नवी मुलगी लाजून चादरीआड गेली. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि नुकत्याच वर आलेल्या ट्रॉलीकडे बघून म्हणाली, "बरं. आता यातलं आधी काय घ्यायचं?" आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या, प्रत्येकीचं वेगळं.